पाय सुजले की लघवीची गोळी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 64. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन बरीच वर्षं चालू. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून वेदनाशामक गोळी. गेल्या काही महिन्यांपासून संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, सकाळपर्यंत बरीचशी सूज उतरते. मेडिकलवाल्याने लॅसिक्स ही लघवी वाढवणारी गोळी दिली. ती घेतली की सूज जाते, बंद केली की दोन दिवसांत परत येते. शेजारच्या काकू म्हणतात, पाणी कमी प्यायला द्या. मग ही गोळी कायमची चालू ठेवायची का? आणि अंगात साठणारं हे पाणी खरंच इतकं वाईट असतं का?

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून पहिला संशय अ‍ॅम्लोडिपिनवर जातो, दुसरा वेदनाशामक गोळीवर. तसं असेल तर लॅसिक्स कायमची लागणार नाही, आणि पाणी कमी पिऊन काही साधणार नाही. पण बीपीची गोळी मनाने बंद करू नका. त्या गोळीत फेरफार करायचा आहे आणि तो डॉक्टरांनी करायचा आहे. हे असं का, ते आता जरा सविस्तर.

"घेतली की उतरते, सोडली की येते, म्हणजे गोळी लागतेच" हा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. वरवर तो बिनतोड वाटतो. पण लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, किडनीला मीठ सोडायला लावतं आणि मिठामागून पाणी जातं. तोंडाने घेतलेल्या गोळीचा जोर साधारण सहा तासांत ओसरतो. उरलेला दिवस शरीर गेलेलं मीठ भरून काढायच्या मागे लागतं. गोळी रोज पोटात जाऊ लागली की मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन, कायम चढलेली राहतात. मग एक दिवस गोळी थांबते. संप्रेरकं मात्र लगेच थांबत नाहीत. दोन-तीन दिवसांत वजन किलो-दोन किलोंनी वाढतं आणि पाय आधीपेक्षा जास्त सुजतात. हृदय, किडनी, यकृत ठणठणीत असलेल्या माणसातही हे घडतं. धीर धरला तर दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप निवळतं, पण तेवढा धीर कुणाला नसतो. तिसऱ्याच दिवशी गोळ्यांची पट्टी पुन्हा घरात येते. थोडक्यात, गोळी सोडल्यावर आलेली सूज बऱ्याचदा गोळीचीच देणगी असते.

अ‍ॅम्लोडिपिनचं गणित वेगळं आहे. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, बीपी त्यामुळेच उतरतं. पण धमनीच्या पुढे केशवाहिनी आणि केशवाहिनीच्या पुढे शीर असते. धमनी सैल झाली आणि शीर तशीच राहिली, तर मधल्या केशवाहिनीत दाब वाढतो आणि पाणी तिच्या भिंतीतून बाहेर झिरपतं. दिवसभर पाय खाली लोंबत असतात, म्हणून ते घोट्याशी साचतं. इथे अंगातलं एकूण पाणी फारसं वाढलेलं नसतं, त्याची जागा तेवढी चुकलेली असते. म्हणून लघवीच्या गोळीने या सुजेत फार फरक पडत नाही, थोडा पडला तरी मूळ कारण जागच्या जागी राहतं. 5 मिलिग्रॅमपेक्षा 10 मिलिग्रॅमवर ही सूज बरीच जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसते. मात्रा कमी करणं किंवा गोळीचा गट बदलणं हा त्यावरचा खरा इलाज. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल शिरेकडची बाजूही सैल करतात, त्यामुळे सोबत असली तर सूज कमी राहते. तुमच्या आईंना टेल्मिसार्टन आहेच, पण 10 मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिनपुढे ती कदाचित पुरी पडत नसेल.

एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने झाकायचा हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वयस्क बीपी-रुग्णांच्या नोंदी तपासून 2020 साली असं दाखवलं गेलं की अ‍ॅम्लोडिपिनच्या गटातलं औषध नव्याने सुरू झालेल्यांना पुढच्या काही महिन्यांत लघवीची गोळी लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. तिथे निदान डॉक्टरांची चिठ्ठी तरी असते.

वेदनाशामक गोळ्यांचं, म्हणजे डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरेंचं, जरा लक्ष देऊन ऐका. या गोळ्या किडनीकडचा रक्तप्रवाह कमी करतात आणि मीठ अडवून धरतात, म्हणून सूज येते, बीपीही चढतं. पण त्याहून मोठी काळजी अशी की टेल्मिसार्टन, लॅसिक्स आणि वेदनाशामक ही तीन एकाच पोटात गेली की किडनीची तिन्हीकडून कोंडी होते. उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब झाले आणि या तिन्ही गोळ्या चालूच राहिल्या, एवढ्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचं रक्तातलं माप, झपाट्याने चढलेले रुग्ण प्रत्येक फिजिशियनने पाहिलेले असतात. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, मलम, शेक, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांवर भागवा. आणि गुडघेदुखीवर कुठून कागदात बांधलेली 'खात्रीची' पुडी येत असेल तर ती आधी बंद करा. अशा पुड्यांत स्टिरॉइड निघतं. त्याने चेहरा गोल होतो, पाय सुजतात, साखर वाढते, आणि दुखणं कमी झाल्यामुळे माणूस पुडीवाल्याला दुवा देत राहतो. एक मात्र सांभाळा. अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर झटक्यात सोडल्यानेही धोका असतो, म्हणून ती डॉक्टरांना दाखवूनच बंद करा.

आता हे पाणी मुळात कुठलं? सत्तर किलोच्या माणसात सुमारे 42 लिटर पाणी असतं. त्यातलं 28 लिटर पेशींच्या आत. उरलेल्या 14 लिटरांपैकी रक्ताचा पातळ भाग जेमतेम 3 लिटर, बाकीचं सगळं पेशींच्या मधल्या फटींत. ते तिथे मोकळं हिंडत नसतं. चिकट तंतूंच्या जाळ्याने ते धरून ठेवलेलं असतं, खरवसात चीक धरलेला असतो तसं. म्हणून माणूस तासन् तास उभा राहिला तरी सगळं पाणी पायांत उतरत नाही. सूज येते तेव्हा ही धरून ठेवायची ताकद संपलेली असते आणि पाणी सुटं होतं. नडगीवर अंगठा रोवून दहाएक सेकंद दाबल्यावर पडणारा खड्डा या सुट्या पाण्याचा असतो. दाबलं की ते बाजूला सरकतं, सोडलं की हळूहळू परत येतं. अंगभर पाणी साठणाऱ्या दुखण्यात असा खड्डा दिसायला लागेपर्यंत 2 ते 3 लिटर जास्तीचं पाणी साठून चुकलेलं असतं. म्हणून हृदयाच्या रुग्णाला आम्ही आरशाऐवजी वजनकाट्यावर भरवसा ठेवायला सांगतो.

रक्तातलं पाणी बाहेर ढकलणारा दाब आणि त्याला आत ओढून धरणारी प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, यांच्या ओढाताणीचा सिद्धांत इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने 1896 मध्ये मांडला. आमच्या पिढीला शिकवलं गेलं ते असं: केशवाहिनीच्या एका टोकाला पाणी बाहेर पडतं, दुसऱ्या टोकाला परत आत येतं. आता चित्र बदललं आहे. बहुतेक ठिकाणी पाणी थोडं थोडं बाहेरच पडत राहतं आणि ते परत रक्तात आणून टाकायचं काम लसीकावाहिन्या, म्हणजे पेशींमधलं पाणी गोळा करणाऱ्या बारीक नळ्या, करतात, दिवसाला सुमारे 8 लिटर. म्हणजे सूज यायला मोजकी कारणं उरतात. केशवाहिनीतला दाब वाढला, रक्तातली प्रथिनं घटली, वाहिनीची भिंत गळकी झाली, किंवा परतीची वाट बंद झाली. किडनीने मीठ धरून ठेवलं की पहिल्या कारणाला जोर चढतो. पायावरचा खड्डा सगळ्यांत साधारण सारखाच दिसतो. इलाज मात्र प्रत्येकाचा निराळा, कधी कधी एकमेकांच्या उलटा. लघवीच्या गोळीबद्दलचा माझा सगळा आक्षेप एवढाच आहे की ती या कारणांत फरक करत नाही.

हा फरक करायला वैद्यकालाही बराच वेळ लागला. पूर्वी अंगावर पाणी चढणं हाच एक आजार मानला जाई. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरने 1785 मध्ये डिजिटॅलिस या हृदयावर काम करणाऱ्या वनस्पतीच्या पानांवर पुस्तक लिहिलं तेव्हा काही सुजलेले रुग्ण या औषधाने हलके होतात आणि काहींना ते अजिबात लागू पडत नाही हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं, पण का ते त्याला सांगता आलं नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने 1827 मध्ये त्यातला मोठा गट वेगळा काढला. सुजलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की काहींची गढूळ पांढरी होते, कारण तिच्यात प्रथिनं असतात, आणि मृत्यूनंतर अशांच्या किडन्या खराब सापडतात. स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरून हीच तपासणी आपल्याकडच्या दवाखान्यांतही होत असे. वरचा थर तापवायचा, गढूळपणा आला तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा विरघळला तर तो क्षारांचा, टिकला तर प्रथिनांचा. आता त्या जागी लघवीत बुडवायची पट्टी आली आहे. सुजेसाठी आलेल्या प्रत्येकाची लघवी तपासलीच पाहिजे. सर्वांत स्वस्त तपासणी ही, आणि सर्वांत जास्त विसरली जाते तीही हीच.

पाणी काढायला जाऊन नुकसान कसं होतं याचं महाराष्ट्रातलं उदाहरण कोकणातलं आहे, लाल विंचवाचं. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. विंचू चावलेला माणूस तिथे यायचा तो घामाने निथळत, उलट्या करत, हातपाय थंडगार पडलेले. बीपी चढलेलं. काही तासांनी नाडी पळायला लागायची, खोकला सुरू व्हायचा, तोंडाला गुलाबी फेस यायचा. हा फेस म्हणजे फुप्फुसात उतरलेलं, रक्ताने रंगलेलं पाणी. तरणीताठी माणसं आणि लहान मुलं यात दगावत. विष नसांमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, त्यामुळे अंगात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, अंगभरच्या धमन्या आवळल्या जातात, आणि त्या आवळलेल्या धमन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. मागचा दाब फुप्फुसात तुंबतो.

आता इथे पाणी कुठे आहे बघा. फुप्फुस पाण्याने भरलेलं, पण घाम आणि उलट्यांमुळे बाकी अंग कोरडं. अशा वेळी नेहमीच्या सवयीने जोरात लघवी करवली तर रक्तातलं उरलंसुरलं पाणीही जातं आणि बीपी कोसळतं. बावस्करांनी प्राझोसिन ही बीपीची साधी, स्वस्त गोळी वापरली. ती आवळलेल्या धमन्या सोडवते. हृदयापुढचा अडसर दूर झाला की फुप्फुसातलं पाणी आपसूक ओसरायला लागतं. त्यांची निरीक्षणं 1982 मध्ये आणि प्राझोसिनचा अनुभव 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या गंभीर रुग्णांतला मृत्यूदर आधी मोठा होता, तो प्राझोसिननंतर एक टक्क्याच्या आसपास आला. पुढे 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी बसून, बीपीचं यंत्र आणि डोळे एवढ्या सामग्रीवर हे झालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पाणी कशामुळे आलं हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला, म्हणून औषध हाती लागलं.

डेंग्यूत गंमत आणखी वेगळी. तिथे केशवाहिन्यांची भिंत गळकी होते. ताप उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच 24 ते 48 तासांत रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत झिरपतं. रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढतं, नाडी क्षीण लागते. तेव्हा मोजून-मापून सलाईन द्यावंच लागतं. पण दोन दिवसांनी भिंत पुन्हा सांधते आणि बाहेर गेलेलं सगळं पाणी परत आत येऊ लागतं. त्या टप्प्यावर सलाईन तसंच चालू ठेवलं तर पाणी फुप्फुसात चढतं. परवापर्यंत जे सलाईन जीव वाचवत होतं तेच आज जीव घेऊ शकतं. "अशक्तपणा आहे, दोन बाटल्या चढवा" हा आग्रह डेंग्यूतून उठणाऱ्या माणसासाठी धरू नका.

मेळघाट किंवा नंदुरबारकडे कुपोषित मुलांत दोन्ही पावलांवर खड्डा पडणारी सूज दिसली की ते मूल वजनाच्या तक्त्यात कुठेही बसत असो, तीव्र कुपोषितच धरायचं असा नियम आहे. या सुजेने मूल गुबगुबीत दिसतं आणि आजी म्हणते, बाळ बाळसं धरतंय. अशा मुलाला लघवीचं औषध द्यायचं नसतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन स्पष्ट सांगतं. सुरुवातीला कमी मिठाचा आणि कमी प्रथिनांचा एफ-75 हा दुधाचा आहार, जंतुसंसर्गावर औषध, पोटॅशियम आणि बाकीची खनिजं. काही दिवसांत सूज लघवीवाटे निघून जाते आणि वजन आधी घटतं. आई घाबरते तेव्हा तिला हे वजन पाण्याचं होतं असं आधीच सांगून ठेवावं लागतं. जमैकातल्या अशा मुलांचा अभ्यास करणाऱ्या मायकल गोल्डन यांना 1980च्या सुमारास दिसलं की रक्तातलं अल्ब्युमिन वाढायच्या आधीच सूज उतरते. म्हणजे 'प्रथिनं कमी म्हणून सूज' हे नेहमीचं स्पष्टीकरण इथे पुरतं लागू पडत नाही. अल्ब्युमिनची महागडी बाटली आणायला रुग्णाच्या मुलांना धावायला लावणाऱ्या काही डॉक्टरांनी हे वाचायला हवं. ती बाटली काही मोजक्या ठिकाणीच कामाची असते, त्यातलं एक पुढे येईल.

परतीची वाट बंद होण्याचं आपल्याकडचं ठळक रूप म्हणजे हत्तीपाय. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात तो अजून आहे. क्युलेक्स डासातून शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत राहतात आणि त्या खराब करून टाकतात. साठलेल्या पाण्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे कातडी आणि खालची चरबी हळूहळू घट्ट, जाड होत जाते. सुरुवातीला खड्डा पडतो, नंतर पडत नाही. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघा. धरताच आली नाही तर दुखणं लसीकेचं समजा. इथे लघवीच्या गोळ्या निरुपयोगी असतात, कारण त्या पाणी काढतात आणि प्रथिनं मागे ठेवतात. उपयोगी पडतं ते रोज साबणाने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चिखल्यांवर मलम, झोपताना पाय उंच, आणि बोटांपासून वर घट्ट पट्टी. फार साधं वाटतं ना? पण थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण म्हणजे गाठ येते, पाय लाल होतो, ते झटके बेचक्यांतल्या भेगांतून शिरलेल्या जंतूंमुळे येतात आणि प्रत्येक झटका पाय आणखी जाड करून जातो. बेचकी कोरडी राहिली की झटके कमी होतात. हत्तीपाय होऊ नये म्हणून गावात घरोघरी फिरून देतात त्या गोळ्या समोर उभं राहून गिळा. पिशवीत घेऊन आंब्याच्या झाडाखाली टाकू नका.

आता दुसरी बाजू. पाणी काढलंच पाहिजे अशी दुखणीही आहेत. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडणं, हे त्यातलं पहिलं. पायावर सूज, झोपल्यावर दम, मध्यरात्री उठून बसावं लागणं, मानेच्या शिरा फुगलेल्या. इथे फ्युरोसेमाइड खरोखर जीवदान देतं. यात एक बारकावा आहे. सूज फक्त पायावर नसते, आतड्याच्या आवरणालाही असते. आतडं सुजलं की तोंडाने घेतलेली गोळी रक्तात हळू आणि अनियमित उतरते. "गोळी दुप्पट केली तरी लघवी होईना" अशी तक्रार आली की आम्ही तीच गोष्ट शिरेतून देतो किंवा टोर्सेमाइड या त्याच गटातल्या गोळीवर जातो, कारण ती आतड्यातून जास्त भरवशाने शोषली जाते. हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णालाही देतात. घाबरू नका, चिठ्ठी चुकलेली नाही. अशा रुग्णाने रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, पाय सुजायची वाट बघायची नाही.

लहान मूल सकाळी उठलं की डोळे सुजलेले, दुपारपर्यंत उतरलेले, लघवीला फेस. हे ऐकलं की आधी किडनी. चष्म्याचं दुकान किंवा अ‍ॅलर्जीची गोळी नंतर. लघवीतून प्रथिनं जात असतात आणि बहुतेक मुलांत स्टिरॉइडचा पूर्ण कोर्स हाच खरा इलाज असतो.

यकृत खराब झालेल्यांच्या पोटात पाणी होतं, आपल्याकडे त्याला जलोदर म्हणतात. गावाकडे पक्की समजूत आहे की पोटातलं पाणी काढायला घेतलं की माणूस फार दिवसांचा नाही. या समजुतीला आधार होता. एका बैठकीत सहा-आठ लिटर काढून टाकलं की रक्तातलं पाणी पोटाकडे धावायचं, किडनी बंद पडायची आणि माणूस जायचा. आता 5 लिटरच्या वर काढायचं झालं तर काढलेल्या दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. अल्ब्युमिनची बाटली खरोखर उपयोगी पडते ते हे ठिकाण. गोळ्यांनी काढायचं तर स्पिरोनोलॅक्टोन ही दुसऱ्या प्रकारची लघवीची गोळी मुख्य, फ्युरोसेमाइड तिच्या जोडीला, 100 मिलिग्रॅमला 40 मिलिग्रॅम या प्रमाणात. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू द्यायचं नाही. पोटाची आवरणं त्याहून वेगाने पाणी परत देऊ शकत नाहीत, आणि मग ते रक्तातून जातं.

छातीत झालेल्या पाण्याचं थोडक्यात. सुई घालून काढलेलं पाणी फेकायचं नसतं, तपासायचं असतं. त्यातली प्रथिनं आणि एलडीएच नावाचं एन्झाइम रक्ताशी ताडून ते दाबामुळे पाझरलेलं आहे की दाहामुळे, हे ठरवायची रिचर्ड लाइट यांची 1972 सालची पद्धत आजही चालते. तरुण माणसाच्या एकाच बाजूला लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी भरलेलं पाणी असेल तर आपल्या देशात आधी क्षयाचा विचार करायचा.

सगळं सुजेचं पाणी वाईट असतं का, हेही तुम्ही विचारलं आहे. मुरगळलेल्या किंवा पिकलेल्या जागी येणारं पाणी प्रतिपिंडं, पांढऱ्या पेशी आणि गोठणारी प्रथिनं घेऊन येतं, विषारी द्रव्य पातळ करतं, जंतूंना कोंडतं. ते कामावर आलेलं असतं. त्रास होतो तो रेंगाळलेल्या पाण्याचा. प्राणवायूला रक्तापासून पेशीपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून सुजलेल्या पायावरची जखम भरत नाही, कातडी काळवंडते, खाज सुटते, आणि साध्या ओरखड्यातून पाय पिकतो. फुप्फुसात तर काही शे मिलिलिटर जास्तीचं पाणीही जीवघेणं ठरतं.

काकूंचा मुद्दा राहिला. पाणी कमी प्यायचं बंधन रक्तातलं सोडियम उतरलेल्या किंवा हृदय, किडनी फार खराब असलेल्या काही रुग्णांना घालतात. बाकीच्यांनी मीठ बघायचं. सलाईनच्या 1 लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, आणि शरीरही साधारण याच हिशोबाने चालतं. 9 ग्रॅम मीठ अडकून राहिलं की त्याच्याबरोबर लिटरभर पाणी अडकतं. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, एवढं मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमटीतलं मीठ कमी करून ताटात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, सुकट तशीच राहिली तर हिशोब फसतो. सैंधवही मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन किंवा स्पिरोनोलॅक्टोन चालू असताना ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय आणू नका. घेटुळीच्या म्हणजे पुनर्नवेच्या काढ्याबद्दलही हेच, तिच्यातही पोटॅशियम भरपूर असतं.

आईंसाठी आता करायचं ते असं. घेत असलेली प्रत्येक गोळी, पुडी, काढा एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं बघून घ्या. दम लागत असेल तर ईसीजी आणि इको. अ‍ॅम्लोडिपिन 5 वर आणता येईल का किंवा बदलता येईल का, हे स्पष्ट विचारा. बदलल्यावर फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात, बीपी मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. लॅसिक्स थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात सूज थोडी वाढेल हे आधीच धरून चाला. पायातल्या शिरांच्या झडपा कमकुवत असतील, आणि आयुष्यभर ओट्यापाशी उभं राहिलेल्या बाईत त्या असतातच बऱ्याचदा, तर घट्ट मोजे उपयोगी पडतील. माप सकाळी सूज उतरलेली असताना घ्यायचं. मधुमेह असेल किंवा पावलाची नाडी नीट लागत नसेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय मोजे घालायचे नाहीत.

आणि या सूचना थांबवून थेट रुग्णालयात जायचं ते केव्हा: एकाच पायाची पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा अंथरुणाला खिळल्यानंतर. त्यात शिरेत गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून तो पाय चोळायचा नाही. सुजेबरोबर दम लागला, आडवं झोपवेना, छातीत दुखलं, लघवी एकदम कमी झाली, पाय लाल-गरम होऊन ताप आला. आणि घरात कुणी गरोदर असेल, चेहऱ्या-हातांवर सूज येऊन डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिचं बीपी त्याच तासात मोजून घ्या. ते 140/90 किंवा त्याहून जास्त भरलं तर सकाळची वाट बघू नका.